गुंतागुंतीच्या प्रकल्पाचं नियोजन: आधी सांधे शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या दूध संघाचा प्रक्रिया प्रकल्प जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलवायचा आहे. हातात सव्वा वर्ष आहे. सिव्हिल, मेकॅनिकल, रेफ्रिजरेशन, इलेक्ट्रिकल, गुणवत्ता, खरेदी, संकलन, वितरण असे आठ विभाग आणि बाहेरचे चार ठेकेदार. रोजचं दूध संकलन एक दिवसही थांबवता येणार नाही. मी आराखडा करते, तीन आठवड्यांत तो जुना होतो. दर सोमवारच्या बैठकीत सगळे 'ऐंशी टक्के झालं' म्हणतात आणि तारीख मात्र पुढे सरकत राहते. माझं नियोजन नेमकं कुठे चुकतंय?"

मी ३१ वर्षं साखर कारखान्यांच्या इंजिनिअरिंग विभागात काढली, त्यातली शेवटची १२ चीफ इंजिनिअर म्हणून. दुधातलं मला फारसं कळत नाही. पण तुमच्यासारखी अडचण मी दरवर्षी पाहिली आहे. गाळप हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपला की अख्खा कारखाना उघडायचा आणि दिवाळीच्या आसपास तो पुन्हा उभा करून गव्हाणीत उसाची मोळी टाकायची. मधले सहा महिने मिल, बॉयलर, टर्बाइन, पॅन, सेंट्रिफ्यूगल, इलेक्ट्रिकल अशा सगळ्या टोळ्या एकाच छपराखाली, एकमेकांच्या पायात पाय घालून काम करतात. बाहेर पाऊस असतो. म्हणून मी जे जगलो त्यातूनच उत्तर देतो, तुमच्या कामाशी जिथे जुळतं तिथे जोडत जातो.

तुमचा आराखडा मी पाहिलेला नाही, तरी तो कसा असेल याचा अंदाज करता येतो. डावीकडे विभागांची नावं, प्रत्येकासमोर कामांची यादी, पुढे सुरुवातीची आणि शेवटची तारीख. प्रत्येक विभागप्रमुखाने आपापली ओळ भरून दिलेली. मीही पहिली अनेक वर्षं असाच कागद करत होतो. त्यात प्रत्येक ओळ बरोबर असते. चुकतं ते दोन ओळींच्या मध्ये, कारण तिथे काहीच लिहिलेलं नसतं.

हे मला कळलं ते एका रोलरमुळे. तिसऱ्या मिलचा, म्हणजे ऊस पिळणाऱ्या यंत्राचा, टॉप रोलर घासला होता. शेल, म्हणजे बाहेरचं कवच, बदलायला तो बाहेरच्या वर्कशॉपला पाठवला. रोलर ज्या ब्रासवर, म्हणजे बेअरिंगवर, फिरतो, त्या गनमेटलच्या ब्रास आमच्याच मशीन शॉपमध्ये बोअर करायच्या होत्या. वर्कशॉपने रोलर वेळेवर दिला, उलट दोन दिवस आधीच. आमच्या टर्नरनेही ब्रास वेळेवर तयार ठेवल्या. माझ्या कागदावर दोन्ही ओळींपुढे 'पूर्ण' अशी खूण होती. क्रेनने रोलर उचलून हेड स्टॉकमध्ये, म्हणजे मिलच्या सांगाड्यात, ठेवला तेव्हा फिटरने मला बोलावलं आणि न बोलता जर्नल (रोलरच्या दांड्याचा ब्रासवर टेकणारा भाग) आणि ब्रास यांच्यामधल्या फटीकडे बोट दाखवलं. फट डोळ्यांना दिसत होती. जर्नलवर खोल ओरखडे होते म्हणून वर्कशॉपने ते ३ मिलिमीटर उतरवलं होतं. ब्रास जुन्या मापाला बोअर झाल्या होत्या. मोठं झालेलं भोक पुन्हा लहान होत नाही.

आम्ही स्टोअरमध्ये जाऊन कागद काढले. वर्कशॉपने चलनावर स्पष्ट लिहिलं होतं: जर्नल इतकं उतरवलं, नवीन व्यास इतका. ते चलन स्टोअरच्या फाइलमध्ये नीट लावलेलं होतं. म्हणजे वर्कशॉप बरोबर, स्टोअर बरोबर, टर्नर बरोबर, फिटर बरोबर. नव्या ब्रास ओतून, बोअर करून बसवायला ९ दिवस गेले. त्या ९ दिवसांत चौकशी लावून कोणाला तरी दोषी ठरवण्याचा आग्रह काही जणांनी धरला होता. मी तो मानला नाही, कारण चूक माझी होती. जर्नलचं माप वर्कशॉपकडून टर्नरकडे पोचवणं हे काम मी कोणालाच दिलेलं नव्हतं. तो सांधा माझ्या आराखड्यात नव्हता.

त्या वर्षापासून मी कामांच्या यादीच्या आधी सांध्यांची यादी करू लागलो. सांधा म्हणजे एका टोळीच्या हातातून दुसरीच्या हातात काहीतरी जातं ती जागा. ती वस्तू असेल, माप असेल, ड्रॉइंग असेल, मोकळी जागा असेल, वीजपुरवठा असेल, नाहीतर एखादी मंजुरी. प्रत्येक सांध्यासाठी चार गोष्टी लिहायच्या: देणारा कोण, घेणारा कोण, नेमकं काय द्यायचं, आणि कोणत्या दिवशी. इथे विभागाचं नाव चालत नाही, माणसाचं नाव लागतं. 'इलेक्ट्रिकल देणार' असं लिहिलं की कोणीच देत नाही.

या यादीबरोबर एक नियम आला. माझ्या सगळ्या नोकरीत एकच नियम टिकवायला मिळाला असता तर मी हाच टिकवला असता. काम झालं की नाही हे करणारा सांगणार नाही, घेणारा सांगेल. फिटर 'मोटर बसवली' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बोल्ट आवळलेले असतात. इलेक्ट्रिशियनच्या मनात 'बसवली' म्हणजे कपलिंगची अलाइनमेंट झाली, टर्मिनल बॉक्स योग्य बाजूला आला, आता केबल जोडता येते. दोघंही खरं बोलतात, पण 'झालं' या शब्दाचे त्यांचे अर्थ वेगळे असतात. म्हणून सांध्याच्या कागदावर घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय ते काम आमच्याकडे झालेलं धरलं जात नसे. पहिल्या वर्षी यावरून खूप कुरबूर झाली. दुसऱ्या वर्षी मात्र फिटर स्वतः इलेक्ट्रिशियनला आधी बोलावून विचारू लागले की तुला बॉक्स कुठल्या बाजूला हवा.

तुमच्याकडे असे सांधे कुठे असतील याचा विचार करून पाहा. सिव्हिलवाले शीतगृहाची खोली रेफ्रिजरेशनवाल्यांना 'तयार' म्हणून देतील. तयार म्हणजे फरशी पडली की इन्सुलेशनही झालं? दार बसलं का? ड्रेनचा उतार पाण्याने तपासला का? पुढे रेफ्रिजरेशनवाले तीच खोली गुणवत्ता विभागाला देतील, तेव्हा मशीन चालू झालं म्हणजे पुरेसं की ठरलेलं तापमान सलग काही दिवस टिकलं पाहिजे? ही वाक्यं आज लिहून घ्या, आणि ती घेणाऱ्याकडूनच लिहून घ्या.

आता हे सांधे शोधायचे कसे? सुरुवातीकडून पुढे जाऊन ते सापडत नाहीत. शेवटाकडून मागे यावं लागतं. हंगाम संपला की पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या विभागांच्या लोकांना गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये जमवत असे. जमिनीवर ड्रॉइंगचे मोठे कागद चिकटवून अंथरायचे, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि जाड पेन. अगदी उजवीकडे एक चिठ्ठी: 'मोळी टाकली'. मग एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: याच्या आधी हातात काय असायला हवं? मोळीच्या आधी मिलची नो-लोड ट्रायल, म्हणजे ऊस न टाकता चालवून पाहणं. ट्रायलच्या आधी वाफ. वाफेच्या आधी बॉयलरचं अग्निप्रदीपन, म्हणजे भट्टी पेटवणं, आणि त्यानंतर भट्टीची नवी वीट मंद आगीवर सावकाश सुकायला लागणारे दिवस. अग्निप्रदीपनाच्या आधी बॉयलर निरीक्षकांसमोर हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. टेस्टच्या आधी खराब ट्यूब बदललेल्या. त्याआधी नव्या ट्यूब आलेल्या. त्याआधी ऑर्डर, त्याआधी संचालक मंडळाची मंजुरी, त्याआधी किती ट्यूब लागतील याचा आकडा, आणि आकड्यासाठी बॉयलर साफ करून ट्यूबची जाडी मोजलेली.

त्या चिठ्ठ्यांची रांग जमिनीवर पाहिली की लक्षात यायचं: ऑक्टोबरमधली मोळी एप्रिलमधल्या मोजणीवर टांगलेली आहे. बॉयलरच्या लोकांना एप्रिलमध्ये घाई वाटत नाही, सहा महिने आहेत असंच वाटतं. मोजणी जूनपर्यंत रेंगाळली, मंडळाची एक बैठक हुकली, की सप्टेंबरमध्ये रात्रपाळ्या लावून कितीही पैसा ओतला तरी तो वेळ परत येत नाही. म्हणून आमच्याकडे पहिले १५ दिवस दुरुस्तीला हात लावायचा नाही, फक्त उघडायचं, साफ करायचं आणि मोजायचं, असा शिरस्ता पडला. लोकांना काम सुरू झाल्यासारखं दिसत नाही, वरिष्ठही अस्वस्थ होतात. त्या दबावाखाली वाकू नका.

ही रांग लावण्याची पद्धत माझी नाही. कामांची सर्वांत लांब साखळी शोधून तिच्यावर नजर ठेवायची, हे शास्त्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ड्युपाँट या रसायन कंपनीने रेमिंग्टन रँडबरोबर विकसित केलं. आपण त्याला क्रिटिकल पाथ म्हणतो. ते सुरुवातीलाच वापरलं गेलं त्या जागांपैकी एक होता ड्युपाँटचा लुईव्हिल इथला कारखाना, आणि काम होतं देखभालीसाठी घेतल्या जाणाऱ्या बंदचं. बंद सरासरी १२५ तासांचा असे, तो ९३ तासांवर आला. म्हणजे उघडलेला कारखाना वेळेत पुन्हा उभा करायचा, या आमच्यासारख्याच गरजेसाठी हे शास्त्र सुरुवातीलाच कामाला आलं. पुस्तकात ते आकडेमोडीसारखं दिसतं म्हणून तरुण इंजिनिअर त्याला घाबरतात किंवा सॉफ्टवेअरवर सोडून देतात. जमिनीवर चिठ्ठ्या लावून पाहा, एका दुपारी समजतं.

साखळी शोधताना एक सापळा असतो: सर्वांत मोठं काम म्हणजेच सर्वांत अवघड काम असं मन धरून बसतं. याचं माझ्या मनात कायम राहिलेलं उदाहरण कोकण रेल्वेचं आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. त्या मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरचा. कागदावर पाहिलं तर कोणीही म्हणेल की सगळी चिंता तिथे करा. पण मार्ग अडून राहिला तो गोव्यातल्या पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्यापाशी. तिथली माती मऊ, पाण्याने भरलेली, खणलेलं पुन्हा ढासळायचं. दोन्ही बाजूंचे टप्पे सुरू झाले तरी मधला तो तुकडा होईना. कठीण खडकात दिवसाला किती मीटर जाता येतं याचा हिशेब मांडता येतो. मऊ मातीत तो मांडता येत नाही. तेव्हा आपल्या प्रकल्पात मोठं काय आहे हे पाहून झाल्यावर वेगळा शोध घ्या: ज्याचा हिशेब मांडता येत नाही असं काय आहे? तुमच्या बाबतीत मला ते वीजजोडणी आणि परवान्यांत दिसतं. नव्या जागेला महावितरणचा वाढीव भार, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अन्नसुरक्षेचा परवाना, कारण तो जागेनुसार असतो. ही कामं कागदावर एका ओळीची दिसतात, आणि वेळ आपल्या हातात नसतो.

कोकण रेल्वेतली आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला होता, प्रत्येक विभाग साधारण १०० किलोमीटरचा आणि त्यावर एक मुख्य अभियंता. निर्णय जागेवर होऊ शकतील अशी ती रचना होती. मोठ्या टीमचं नियोजन करणारा माणूस बहुतेक वेळा सगळे निर्णय स्वतःकडे ओढतो, मग आराखडा त्याच्या टेबलावर रांगेत उभा राहतो. तुमच्या टेबलावर काय येणार आणि काय येणार नाही, ते रकमेत आणि दिवसांत लिहून द्या. आमच्याकडे ठरलेल्या रकमेच्या आतली तातडीची खरेदी आणि दोन दिवसांपर्यंतचा फेरबदल शिफ्ट इंजिनिअर स्वतः करत असे आणि मला नंतर कळवत असे. त्याचे काही निर्णय चुकले. वाट पाहण्यात गेला असता त्या वेळेपेक्षा ते नुकसान फारच कमी होतं.

आता अशा गोष्टीकडे येतो जी साखळीच्या नकाशात दिसतच नाही. एका वर्षी आमची रांग बरोबर होती, सांधे लिहिलेले होते, माणसं होती, सामान होतं, आणि तरी जुलैमध्ये मिल हाऊसचं काम मागे पडू लागलं. मी दोन दिवस खुर्ची टाकून तिथेच बसलो. जे दिसलं ते साधं होतं. चारही मिलच्या टोळ्या, गिअर बॉक्सवाले आणि स्ट्रक्चरचा ठेकेदार, सगळे एकाच क्रेनची वाट पाहत होते. दहा-बारा टनांचा रोलर हाताने हलत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याला क्रेन मिळत होती. पहिल्या मिलवाल्यांनी ती घेतली की दुसऱ्या मिलचे आठ लोक चहाला जात होते.

त्या दिवसापासून मिल हाऊसचा आराखडा म्हणजे क्रेनचं वेळापत्रक झालं. दारावर फळा लावला, दिवसाचे दोन-दोन तासांचे भाग पाडले, प्रत्येक भागावर टोळीचं नाव लिहिलं. क्रेन येण्याआधी स्लिंग लावून, बोल्ट सोडून, जागा साफ करून तयार राहायचं. तयार नसलात तर पाळी गेली. क्रेनची स्वतःची दुरुस्ती रात्री. क्रेन ऑपरेटर जेवायला गेला की दुसरा चढायचा, म्हणून आणखी एक माणूस तयार केला. एकही फिटर वाढवला नाही आणि काम वेगाने पुढे गेलं. प्रत्येक प्रकल्पात अशी एक क्रेन असते. कधी ती यंत्र असते, कधी एकुलता एक स्टेनलेस स्टीलचा चांगला वेल्डर, कधी तीन ठेकेदारांची ड्रॉइंग तपासणारी एकच व्यक्ती. तुमच्या दुधाच्या पाइपलाइनचे जोड करणारा वेल्डर किंवा रेफ्रिजरेशनचा तंत्रज्ञ एकच असेल, तर बाकी सगळ्यांच्या तारखा त्याच्या पाळीवरून ठरवा. ती व्यक्ती तुम्हीच निघालात, तर स्वतःची पाळी फळ्यावर लिहा.

दिवसांचा अंदाज कसा घ्यायचा, यावर थोडं. 'किती दिवस लागतील?' असा प्रश्न फिटरला विचारला की तो साहेबांना बरा वाटेल असा आकडा सांगतो किंवा मार बसू नये म्हणून दुप्पट सांगतो. दोन्ही निरुपयोगी. त्याऐवजी विचारा, 'मागच्या वेळी कोणत्या दिवशी उघडलं आणि कोणत्या दिवशी बंद केलं? मधे काय अडलं?' लोकांना हे आठवतं, वहीत सापडतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं. तुमचं काम पहिल्यांदाच होत असेल तर ज्या संघाने नुकतंच केलं आहे तिथे एक दिवस जाऊन तारखा विचारून या. ठेकेदाराला हेच विचारा: मागच्या तीन जागांवर ऑर्डरपासून चालू होईपर्यंत किती दिवस गेले.

आणि प्रत्येक कामात थोडे थोडे जादा दिवस लपवू देऊ नका. लपवलेले दिवस वापरलेच जातात, काम हातातल्या वेळेइतकं पसरतं. कामांचे आकडे सरळ ठेवा आणि राखीव दिवस एकत्र करून शेवटी, ट्रायलच्या आधी, सगळ्यांना दिसतील असे मांडा. आम्ही १४ दिवस ठेवत असू. दर सोमवारी फळ्यावर लिहायचं: राखीव १४ पैकी आज किती उरले. जूनमध्येच ६ संपले असतील तर सप्टेंबरची वाट न पाहता तेव्हाच काहीतरी बदलायचं. वरिष्ठ हे दिवस 'रिकामे' म्हणून कापायला बघतात. रोलरच्या ९ दिवसांची गोष्ट मी त्यांना दरवर्षी सांगत असे.

कॅलेंडरही माणसांचं पाहिजे. आमच्या कागदावर मृगाची पेरणी, आषाढी वारी, पोळा, गौरी-गणपती आधी भरले जात, मग कामं. पेरणीच्या आठवड्यात निम्मे खलाशी (मदतनीस कामगार) येणार नाहीत हे एप्रिलमध्येच माहीत असतं. मग त्या आठवड्यात माणसं लागणारी कामं का ठेवायची? पितृपक्षात अग्निप्रदीपनाला कोणी राजी होत नाही, म्हणून ते दसऱ्याला धरूनच मागे मोजायचं. तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं कॅलेंडर दुधाचं. हिवाळ्यात पुष्टकाळ, म्हणजे दूध भरपूर; उन्हाळ्यात कृशकाळ, म्हणजे दूध कमी. इमारत बदलायचा आठवडा कृशकाळातच आला पाहिजे, म्हणजे जुनी आणि नवी इमारत काही दिवस एकत्र चालवताना दोन्हीकडे हाताळायचं दूध कमी असेल. तुमच्या सव्वा वर्षाचा शेवट नोव्हेंबर-डिसेंबरात येत असेल, तर आजच मंडळासमोर जा आणि तारीख अलीकडे किंवा पलीकडे घ्या. पुष्टकाळात स्थलांतर करू नका. हे मी दुधातलं न कळताही ठामपणे सांगतो.

तीन आठवड्यांत आराखडा जुना होतो म्हणालात. तो होणारच. सव्वा वर्षाचा प्रत्येक दिवस आज बारीक लिहायचा प्रयत्न केला तर तो आठवड्यातही जुना होईल. दूरचं ठळक ठेवा, म्हणजे फक्त सांधे आणि त्यांच्या तारखा. जवळचं बारीक करा, म्हणजे पुढच्या तीन आठवड्यांचा एक वेगळा कागद, दर आठवड्याला नव्याने केलेला. त्या तीन आठवड्यांतल्या प्रत्येक कामाला आजच विचारायचं: सामान स्टोअरमध्ये आहे का? ड्रॉइंग अंतिम आहे का? माणूस मोकळा आहे का? जागा रिकामी आहे का? आधीचं काम घेणाऱ्याच्या सहीने मिळालं आहे का? एकाचंही उत्तर नाही असेल तर ते काम पुढच्या आठवड्यात धरायचं नाही, अडचण सोडवायला माणूस लावायचा. आमच्या बहुतेक अडचणी इंडेंट (सामानाची मागणी) टाकायला उशीर किंवा गेटपास अडकणं इतक्या लहान असत. तीन आठवडे आधी त्या दहा मिनिटांत सुटतात, त्याच दिवशी सापडल्या तर पूर्ण पाळी जाते.

सोमवारच्या बैठकीतून 'ऐंशी टक्के' हा शब्द काढून टाका. ऐंशी टक्के म्हणजे काय हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि शेवटचे वीस टक्के नेहमी सांध्यावर असतात. 'किती झालं' विचारूच नका, 'किती दिवस उरले' विचारा. याच आठवड्यात हा प्रश्न सुरू करा. पहिल्या सोमवारी शांतता पसरेल. मग एकेक जण हिशेब करू लागेल, आणि 'ऐंशी टक्के' म्हणणाऱ्याच्या तोंडून 'अजून तीन आठवडे' असं निघेल. रागावू नका. ज्या बैठकीत खरं सांगणाऱ्याला ओरडा बसतो तिथे पुढच्या सोमवारी कोणी खरं सांगत नाही. दुसरं, प्रत्येकाने गेल्या आठवड्यात दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले ते मोजा आणि न पाळलेल्याचं कारण एका शब्दात लिहा: सामान, माणूस, ड्रॉइंग, मंजुरी, आधीचं काम. दोन महिन्यांनी त्या कारणांची बेरीज केलीत की कोणता विभाग अडवतोय हे कोणावर आरोप न करता समोर येतं. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा 'मंजुरी' आली. मग आम्ही मंडळाच्या वर्षभराच्या बैठकींच्या तारखा साखळीतच टाकल्या.

आता ज्याला खरी रणनीती म्हणावी ते. तारीख, खर्च आणि कामाचा आवाका, या तिघांपैकी आधी कोण वाकणार हे सुरुवातीलाच ठरलं पाहिजे. साखरेत तारीख वाकत नाही. राज्य सरकारची मंत्री समिती हंगामाची तारीख ठरवते, तीही अनेकदा सप्टेंबरात. २०२४-२५ च्या हंगामाला १५ नोव्हेंबर मिळाली, आधीच्या वर्षी १ नोव्हेंबर होती. तारीख कळेपर्यंत थांबता येत नाही, लवकरात लवकर जी येऊ शकते ती धरून चालायचं. बीडकडून ऊसतोड टोळ्या उचल घेऊन आलेल्या असतात, त्यांची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, शेताच्या कडेला पडलेली असते. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना आठ दिवस उशिरा सुरू झाला तर ४०,००० टन ऊस शेतात उभा राहतो किंवा शेजारच्या कारखान्याकडे जातो. खर्चालाही मर्यादा असते. म्हणजे वाकणार तो आवाका. म्हणून दर मे महिन्यात मी एक कागद कार्यकारी संचालकांच्या सहीला ठेवत असे, 'यंदा करायचं नाही' अशा कामांचा. दुसरी मिल पूर्ण उघडायची नाही, फक्त तपासायची. पॅनचं ऑटोमेशन पुढच्या वर्षी. त्या सहीसाठी कधी कधी दोन तास वाद व्हायचा, आणि ते दोन तास सत्कारणी लागत, कारण ऑगस्टमध्ये कोणी नवं काम घेऊन आलं की बोलायचं नसे, कागद दाखवायचा. तुमच्या नव्या इमारतीत दही-पनीरची नवी लाइन, नवं पॅकिंग मशीन, नवं कार्यालय हे सगळं स्थलांतराच्याच खांद्यावर टाकलं जात असेल. संकलन थांबणार नाही ही तुमची न वाकणारी गोष्ट आहे. बाकी काय गळेल ते आजच सहीनिशी ठरवा.

धोक्यांची यादी सगळेच करतात. तिच्यात निर्णयाची तारीख घाला, म्हणजे ती कामाला येते. 'रोलर उशिरा येऊ शकतो' एवढं लिहून काही होत नाही. '१ सप्टेंबरला संध्याकाळपर्यंत रोलर गेटवर नसेल तर जुन्याच रोलरवर आर्किंग (वेल्डिंगने भर) करून तो बसवायचा, निर्णय डेप्युटी चीफचा' असं लिहिलं की त्या संध्याकाळी कोणाला फोन करत बसावं लागत नाही.

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, साधी एक्सेल शीटही चालेल. मात्र भिंतीवरचा कागद ठेवा. ठेकेदाराचा सुपरवायझर लॉगिन करत नाही, पण जाता-येता भिंत वाचतो, आणि आपल्या नावापुढची तारीख लाल झालेली त्याला सगळ्यांदेखत दिसते.

शेवटी एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही आणि मला सकाळपासून खटकते आहे. रेफ्रिजरेशनच्या कॉम्प्रेसरची ऑर्डर गेली आहे का? तुमच्या चिठ्ठ्यांच्या रांगेत ती अगदी डावीकडे, बॉयलरच्या ट्यूबच्या जागी येईल असं मला वाटतं. क्षमतेचा हिशेब, कोटेशन, मंडळाची मंजुरी, निर्मिती, वाहतूक, फाउंडेशनचं ड्रॉइंग सिव्हिलला देणं, सगळं तिच्या मागे उभं आहे. ती गेली नसेल तर गेस्ट हाऊसची बैठक, चिठ्ठ्या, फळा हे सगळं पुढच्या आठवड्यात करा. या आठवड्यात खरेदी विभागात जाऊन बसा आणि तो कागद हलवा.